एका मालकाचे दोन संघ

1899 सालच्या हंगामात क्लीव्हलँड स्पायडर्स हा अमेरिकेतला व्यावसायिक बेसबॉल संघ 154 सामने खेळला. त्यातले 20 जिंकला, 134 हरला. एका हंगामात सर्वाधिक सामने हरण्याचा हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स 162 पैकी 121 सामने हरले तेव्हा जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या गेल्या आणि स्पायडर्सचं नाव पुन्हा वर आलं. पण ते नाव येतं ते हसण्यासाठीच. सलग 24 सामने हरलेला संघ, शेवटच्या 41 सामन्यांपैकी 40 गमावलेला संघ, अखेरच्या दिवशी सिनसिनाटीतल्या एका हॉटेलात सिगार विकणाऱ्या पोराला पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, म्हणून उभा करणारा संघ. एखाद्या फजितीच्या किश्शासारखा हा हंगाम सांगितला जातो.

तो तसा सांगणं मला अन्यायाचं वाटतं. खेळाडूंच्या नालायकीची ही गोष्टच नाही. एकाच स्पर्धेतल्या दोन संघांची मालकी एकाच घरात गेली की काय होतं, याचा हा आकड्यांत नोंदवलेला पुरावा आहे. आज तो पुन्हा उघडून पाहायचं कारण असं, की एका मालकाच्या हाती अनेक संघ ही रीत फुटबॉलमध्ये रुळली आहे, क्रिकेटमध्ये वेगाने रुळते आहे, आणि क्रिकेटमध्ये तिचे पुढारी आपले भारतीय उद्योगसमूह आहेत. या रीतीला कडक कुंपण घातलं पाहिजे, आणि ते आत्ताच घातलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आधी क्लीव्हलँडचं काय होतं ते पाहू. 1898 पर्यंत हा संघ चांगला होता, काही वर्षं तर फारच चांगला. साय यंग तिथला पिचर. बेसबॉलमध्ये सामन्याचा जय-पराजय एकेका पिचरच्या नावावर लिहितात; कारकिर्दीत 511 विजय नावावर असलेला हा माणूस. दरवर्षी सर्वोत्तम पिचरला मिळणारा पुरस्कार आज त्याच्याच नावाने दिला जातो. जेसी बर्केटची सरासरी 1895 आणि 1896 अशी सलग दोन वर्षं चारशेच्या वर होती, म्हणजे दर दहा संधींत चारहून अधिक यशस्वी फटके. बेसबॉलमध्ये दहात तीनदा जमलं तरी फलंदाज पहिल्या रांगेतला समजतात. सोबत बॉबी वॉलेस, क्यूपिड चाइल्ड्स, आणि संघाला भांडखोर बाणा देणारा कर्णधार-व्यवस्थापक पॅट्सी टेबो. 1895 मध्ये त्यांनी बाल्टिमोरला हरवून टेम्पल कप, म्हणजे लीगच्या पहिल्या दोन संघांतली हंगामानंतरची मालिका, जिंकला. 1898 च्या हंगामात 81 सामने जिंकून, 68 हरून बारा संघांत त्यांचा पाचवा क्रमांक होता.

मालक होते फ्रँक आणि स्टॅन्ली हे रॉबिसन बंधू. फ्रँकचा मूळ धंदा ट्रामचा. 1891 मध्ये सुरू झालेलं लीग पार्क हे मैदान त्याने आपल्याच ट्रामच्या वाटेवर उभारलं होतं, म्हणजे प्रेक्षकाने तिकीट काढायच्या आधी ट्रामचं भाडंही त्यालाच द्यावं. तरी लोक हवे तितके येत नव्हते. रविवारी सामने खेळवायला बंदी होती, आणि सहा दिवस राबणाऱ्या कामगाराला रविवार तेवढाच मोकळा. मे 1897 मध्ये रॉबिसनने रविवारी सामना लावून पाहिला, तेव्हा पोलिसांनी दोन्ही संघांच्या खेळाडूंना मैदानावरूनच ताब्यात घेतलं. पुढच्या वर्षी त्याने घरचे बरेच सामने परगावी नेले. मालक शहरावर रुसला होता आणि शहर मालकावर. यात मालकाची तक्रार अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. चांगला संघ उभा करूनही बाकं रिकामी राहिली तर कुणालाही ते झोंबेल.

त्याच सुमारास सेंट लुईसचा संघ विक्रीला आला. तिथल्या जुन्या मालकाचं दिवाळं निघालं होतं, 1898 च्या एप्रिलमध्ये मैदानाला आग लागली होती, आणि त्या वर्षी संघ 111 सामने हरून तळाला गेला होता. पण शहर मोठं, बेसबॉलवेडं, आणि रविवारच्या सामन्यांना मोकळीक देणारं. 1899 चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर रॉबिसन बंधूंनी हा संघ घेतला. इथपर्यंत कुणी आक्षेप घ्यावा असं काही नाही. आक्षेपाची गोष्ट पुढची आहे: त्यांनी क्लीव्हलँडचा संघ विकला नाही. दोन्ही संघ एकाच लीगमध्ये, एकाच गुणतक्त्यात, आणि मालक तेच.

मग यंग, बर्केट, वॉलेस, चाइल्ड्स, टेबो यांच्यासकट जवळपास सगळा कसदार संघ सेंट लुईसला हलवण्यात आला, आणि सेंट लुईसच्या तळाच्या संघातलं जे उरलं ते क्लीव्हलँडच्या पदरात पडलं. खेळाडूंना विचारायचा प्रश्नच नव्हता. त्या काळच्या करारात एक कलम असे, ज्यामुळे खेळाडू वर्ष संपल्यावरही त्याच मालकाशी बांधलेला राहायचा; मालकाने सोडल्याशिवाय तो दुसरीकडे जाऊ शकत नसे, आणि मालकाने पाठवलं तर त्याला नाही म्हणता येत नसे. वर लीगने पगारावर हंगामाला 2,400 डॉलरची मर्यादा घातलेली. म्हणजे खेळाडूही बांधलेला आणि त्याची किंमतही. शहराचा संघ रात्रीतून दुसऱ्या शहराचा होऊ शकला, याचं मूळ या बांधिलकीत होतं. मालकीच्या प्रश्नावर बोलताना खेळाडूच्या स्वातंत्र्याचा प्रश्न वेगळा काढता येत नाही तो यासाठी.

15 एप्रिल 1899 रोजी हंगामाचा पहिला सामना झाला तो सेंट लुईसमध्ये, या दोन भावंडांतच. सेंट लुईसकडून पिचर म्हणून उभा होता साय यंग. क्लीव्हलँड 10-1 असं हरलं. पुढच्या सहा महिन्यांत काय होणार हे त्या दिवशी दोन्ही शहरांना कळून चुकलं असणार.

क्लीव्हलँडच्या लोकांनी आपलं उत्तर सरळ दिलं: ते मैदानावर गेलेच नाहीत. अख्ख्या हंगामात लीग पार्कवर 42 सामने झाले आणि त्यांना मिळून 6,088 प्रेक्षक आले, सामन्यामागे सुमारे 145. तिकिटांच्या उत्पन्नात पाहुण्या संघाचा वाटा असे. इतक्या थोड्या गल्ल्यातून पाहुण्यांचा गाडीभाडं आणि हॉटेलचा खर्चही निघेना, तेव्हा बाकीचे संघ क्लीव्हलँडला यायला नाही म्हणू लागले. मग घरचे सामनेही परक्या मैदानांवर होऊ लागले. स्पायडर्सनी 154 पैकी 112 सामने बाहेर खेळले आणि त्यातले 101 हरले. हंगामाच्या उत्तरार्धात हा संघ जवळजवळ कायम आगगाडीत होता. वर्तमानपत्रं त्यांना भटके म्हणू लागली.

या प्रवासाबद्दल मला थांबून बोलायचं आहे, कारण चेष्टेच्या गोष्टीत तो नुसता आकडा होऊन बसतो. उन्हाळ्याचे महिने, लाकडी बाकांचे डबे, ज्या गावी जावं तिथे समोर ताजातवाना संघ आणि त्याचे हजारो पाठीराखे, आणि आपल्या बाजूने ओरडायला कुणीच नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सलग 24 पराभव. जिम ह्यूई या पिचरच्या नावावर त्या वर्षी 4 विजय आणि 30 पराभव आहेत. 30 पराभव लागायला माणसाला तितक्यांदा मैदानात उतरावं लागतं, हे कुणी ध्यानात घेत नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेला जो क्विन जूनमध्ये व्यवस्थापक झाला. त्याच्या हाताखाली संघाने 116 पैकी 12 सामने जिंकले आणि तरीही तो शेवटच्या दिवसापर्यंत संघ घेऊन हिंडला. या लोकांनी आपलं काम सोडलं नाही. ज्याने त्यांना या खड्ड्यात लोटलं त्याचं नाव विक्रमांच्या यादीत कुठेच नसतं.

यापेक्षाही बोलकी गोष्ट हंगामाच्या मध्यात घडली. क्लीव्हलँडमध्ये उरलेल्यांपैकी जो जरा बरा खेळायचा, त्याला सेंट लुईसला बोलावलं जायचं. लेव्ह क्रॉस हा पहिला व्यवस्थापक आणि चांगला फलंदाज. त्याला जूनमध्ये उचललं. विली सडहॉफ हा पिचर क्लीव्हलँडसाठी तीन सामने जिंकला होता, तोही गेला. बदल्यात आलेल्या फ्रँक बेट्सने क्लीव्हलँडसाठी 1 सामना जिंकला आणि 18 हरला. म्हणजे या संघात चांगलं खेळण्याचं फळ काय, तर संघाचं आणखी नुकसान. सुधारणेचा रस्ताच बंद केलेला. मालकाच्या वहीत क्लीव्हलँड ही सेंट लुईसला माल पुरवणारी वखार झाली होती, आणि वखारीकडून कुणी विजयाची अपेक्षा करत नाही.

हंगाम संपला तेव्हा स्पायडर्सनी 529 धावा काढल्या होत्या आणि 1,252 दिल्या होत्या. अकराव्या क्रमांकाच्या वॉशिंग्टनच्याही ते 35 सामने मागे होते (विजयांतला आणि पराभवांतला फरक मिळवून त्याचा निम्मा, असं हे अंतर मोजतात). आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या सेंट लुईसचं काय झालं? 84 विजय, 67 पराभव, पाचवा क्रमांक. आदल्या वर्षी हेच खेळाडू क्लीव्हलँडच्या गणवेशात पाचवेच होते. एका शहराचा संघ मोडून दुसऱ्या शहराला मिळालं ते पहिल्या शहराकडे आधीच असलेलं स्थान. खेळाच्या बाजूने पाहिलं तर या व्यवहारात कुणाचंच काही वाढलं नाही. एक संघ तेवढा कमी झाला.

रॉबिसन बंधू एकटे नव्हते, हे इथे सांगायलाच हवं. त्याच हंगामात बाल्टिमोर आणि ब्रुकलिन या दोन संघांचे मालक एक झाले आणि बाल्टिमोरचे विली कीलर, जो केली, ह्यूई जेनिंग्ज हे मोहरे ब्रुकलिनला गेले. ब्रुकलिनने 101 सामने जिंकून विजेतेपद मिळवलं, स्पायडर्सच्या 84 सामने पुढे राहून. म्हणजे 1899 च्या गुणतक्त्यातला पहिला आणि शेवटचा, दोन्ही क्रमांक जोडमालकीने ठरवले. बाल्टिमोर मात्र कोसळलं नाही. जॉन मॅग्रॉ हा तरुण व्यवस्थापक मागे राहिला आणि त्याने उरलेल्या संघाला चौथ्या क्रमांकावर नेलं. जोडमालकी असूनही दुसरा संघ टिकू शकतो, असं या उदाहरणावरून कुणी म्हणेल. पण बक्षीस काय मिळालं बाल्टिमोरला? हंगाम संपल्यावर नॅशनल लीगने, म्हणजे हे सगळे संघ जिच्यात खेळत त्या लीगने, बारा संघांचे आठ केले. जे चार वगळले त्यात क्लीव्हलँड, लुईव्हिल आणि वॉशिंग्टनबरोबर बाल्टिमोरही होतं. मालकांना भरपाई मिळाली. शहरांना काहीच नाही.

या विचाराची पुढची पायरी 1901 मध्ये दिसली. न्यूयॉर्कचा अँड्र्यू फ्रीडमन, सिनसिनाटीचा जॉन ब्रश, बॉस्टनचा आर्थर सोडेन आणि आपला फ्रँक रॉबिसन या चौघांनी असा घाट घातला, की सगळी नॅशनल लीगच एका कंपनीच्या मालकीची करावी. समभाग वाटून घ्यायचे, न्यूयॉर्कला 30 टक्के, सिनसिनाटी, बॉस्टन आणि सेंट लुईसला 12-12 टक्के, ब्रुकलिनला अवघे 6 टक्के. कोणता खेळाडू कुठे खेळणार ते कंपनी ठरवणार. आठ मालकांची मतं चार-चार अशी फुटली आणि बेत फसला. दोन संघांच्या मालकीला एकदा हरकत नाही म्हटलं की आठांच्या मालकीला हरकत घ्यायला तत्त्वाचा आधार उरत नाही, हे या माणसांना बरोबर कळलं होतं.

त्यांना अडवलं ते कुठल्या नियमाने नाही, स्पर्धेने. बॅन जॉन्सनच्या अमेरिकन लीग या प्रतिस्पर्धी लीगने नॅशनल लीगने टाकून दिलेल्या शहरांतच पाय रोवले. 1900 मध्ये क्लीव्हलँडला नवा संघ आला, 1901 मध्ये ती लीग अव्वल दर्जाची म्हणून उभी राहिली, आणि तोच क्लीव्हलँडचा संघ आज गार्डियन्स या नावाने खेळतो. साय यंग 1901 मध्ये सेंट लुईस सोडून अमेरिकन लीगच्या बॉस्टनकडे गेला. पुढच्या वर्षी बर्केट आणि वॉलेसही नव्या लीगच्या संघात दाखल झाले. ज्यांच्यासाठी क्लीव्हलँड रिकामं केलं ते तिघेही तीन वर्षांत रॉबिसनच्या हातातून निसटले. अमेरिकन लीगही धुतल्या तांदळासारखी नव्हती. सुरुवातीला क्लीव्हलँडच्या चार्ल्स सोमर्सचा पैसा बॉस्टनमध्येही होता. पण त्या लीगने तो टप्पा मागे टाकला, आणि पुढे एका माणसाने दोन संघांत हिस्सा ठेवू नये असा नियम अव्वल बेसबॉलमध्ये पक्का झाला.

आता या मताविरुद्ध जे बोललं जातं त्याला उत्तर देतो. पहिला मुद्दा मालकीहक्काचा. संघ मालकाचा, पैसा मालकाचा, तोटाही त्याचाच, मग त्याने काय करावं हे सांगणारे आपण कोण? मला हा मुद्दा निम्मा मान्य आहे. रॉबिसनला क्लीव्हलँड परवडत नव्हतं तर त्याने संघ विकावा, नाहीतर उघडपणे सेंट लुईसला न्यावा. शहराला ते दुखलं असतं, पण त्यात लबाडी नसती. मालकाला निघून जायचा हक्क आहे. निघून जाऊनही जागा अडवून ठेवायचा, स्पर्धेत नाव ठेवून स्पर्धा न करायचा हक्क नाही. कारण लीगमधला संघ हा एकट्याने विकायचा माल नव्हे. समोरचा संघ जीव तोडून खेळेल या भरवशावर प्रेक्षक तिकीट काढतो, बाकीचे अकरा मालक वेळापत्रक आखतात, खेळाडू आपली उमेदीची वर्षं पणाला लावतात. एकाच दाव्यात वादी आणि प्रतिवादी या दोघांचं वकीलपत्र एका वकिलाला घेता येत नाही, मग तो कितीही सचोटीचा असो. मालकालाही तोच न्याय लागू आहे. माणूस वाईट आहे म्हणून हा नियम नसतो. एका वेळी दोघांचं हित पाहणं कुणालाच शक्य नसतं म्हणून असतो.

दुसरा मुद्दा असा, की ते जुने दिवस होते, आज लीग स्वतःच लक्ष ठेवते. त्याला उत्तर माँट्रियलमध्ये आहे, आणि ते फार जुनं नाही. 2002 मध्ये माँट्रियल एक्स्पोजचा मालक जेफ्री लोरिया याने आपला संघ खुद्द मेजर लीग बेसबॉलला विकला आणि फ्लोरिडा मार्लिन्स घेतला. म्हणजे बाकीचे 29 संघ मिळून तिसाव्या संघाचे मालक झाले, आपल्याच प्रतिस्पर्ध्याचे. एक्स्पोजच्या खर्चाला कात्री लागली. 2003 आणि 2004 मध्ये त्यांचे दरवर्षी वीसहून अधिक घरचे सामने प्वेर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये खेळवले गेले. आणि ऑगस्ट 2003 च्या शेवटी, संघ बाद फेरीच्या शर्यतीत असताना, सप्टेंबरमध्ये दुय्यम संघातून खेळाडू वर आणायची जी मुभा प्रत्येक संघ वापरतो, तिच्यासाठी पैसे द्यायला लीगने नकार दिला. संघ 83 विजयांवर थांबला. त्याच वर्षी लोरियाच्या मार्लिन्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. 2005 मध्ये एक्स्पोज वॉशिंग्टनला गेले आणि माँट्रियलचं अव्वल बेसबॉल संपलं. इथे कुणी कुणाचा सूड घेतला असं म्हणायची गरज नाही. 29 मालकांपैकी कुणालाही तिसावा संघ जिंकावा असं वाटायचं कारण नव्हतं, आणि एवढं पुरेसं होतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि तो आजचा आहे. आजची बहुसंघ मालकी एका लीगमधली नसते, वेगवेगळ्या देशांतल्या लीगमधली असते. मोठ्या समूहाचा पैसा, प्रशिक्षक, वैद्यकीय सोयी लहान क्लबला मिळतात. मँचेस्टर सिटीच्या समूहातला स्पेनमधला जिरोना क्लब 2023-24 मध्ये ला लिगात तिसरा आला, हे त्याचं उत्तम उदाहरण. याच समूहाने 2019 मध्ये मुंबई सिटी क्लबचे 65 टक्के घेतले, तेव्हा आपल्याकडेही फायदा दिसला. मी तो नाकारत नाही. पण त्याच जिरोनाची दुसरी बाजू पाहा. सावियो हा ब्राझीलचा तरुण खेळाडू समूहाच्या फ्रान्समधल्या ट्रॉय क्लबच्या नावावर होता, जिरोनाला उसना दिला गेला, तिथे चमकला, आणि 2024 मध्ये मँचेस्टरला गेला. सडहॉफची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आणि लीग वेगवेगळ्या असल्या तरी युरोपच्या स्पर्धांत हे क्लब समोरासमोर येतातच. 2025 मध्ये क्रिस्टल पॅलेसने एफए कप जिंकून युरोपा लीगची जागा कमावली आणि ती गमावली, कारण त्यांच्या एका मोठ्या भागधारकाचा फ्रान्सच्या लिऑनमध्येही हिस्सा होता. नियम बरोबर होता. शिक्षा मात्र मैदानावर जिंकलेल्या खेळाडूंना आणि पाठीराख्यांना झाली, आणि ते मला सलतं. म्हणून असा नियम स्पर्धेच्या दारात लावून उपयोग नाही. हिस्सा विकत घेतानाच तो लागला पाहिजे.

आता क्रिकेट. दक्षिण आफ्रिकेची एसए 20 लीग 2023 मध्ये सुरू झाली आणि तिचे सहाच्या सहा संघ आयपीएलच्या मालकांनी घेतले. मुंबई इंडियन्सच्या मालकांचे केपटाऊन, अबूधाबी आणि न्यूयॉर्कमध्ये संघ आहेत. 2025 मध्ये इंग्लंडच्या हंड्रेड स्पर्धेतले हिस्से विकले गेले तेव्हा त्यातले चार भारतीय समूहांकडे आले. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाची आर्थिक ओढाताण पाहता हा पैसा तिथे हवाच होता. पण 2023 ते 2025 या तीन वर्षांत एसए 20 आणि अमिरातीची लीग जानेवारी-फेब्रुवारीत एकाच वेळी चालत होत्या, आणि दोन्हींत संघ असलेले मालक होते. ट्रेंट बोल्ट 2024 मध्ये अबूधाबीच्या संघाकडून खेळला, 2025 मध्ये केपटाऊनकडून, आणि केपटाऊन जिंकलं. यात काही गैर घडलं असं मी म्हणत नाही. मी एवढंच विचारतो, की दोन संघांना एकाच वेळी एकच पिचर किंवा एकच गोलंदाज हवा असेल तेव्हा निर्णय कुठे होतो, आणि ज्या शहराच्या विरुद्ध तो जातो त्याला दाद मागायला जागा कुठे आहे.

इथे आपण आपल्या बाजूकडे नीट पाहिलं पाहिजे. या गोष्टीत आपण क्लीव्हलँड नाही. आपले मालक रॉबिसनच्या जागी आहेत. आपल्या मालकांचे संघ असलेली दक्षिण आफ्रिकेतली पार्ल, डर्बन, गेबेऱ्हा आणि इंग्लंडमधलं लीड्स ही शहरं क्लीव्हलँडच्या जागी आहेत. सत्ता आपल्याकडे आहे म्हणून प्रश्न दिसत नाही, आणि दिसला तरी टोचत नाही. विदेशी मंडळाने आपल्या रणजी संघांशी असा व्यवहार केला असता तर वानखेडेपासून विधानसभेपर्यंत गदारोळ झाला असता. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे काय हे आपल्याला शिकवावं लागत नाही. क्रिकेट मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आयपीएलमध्ये आर्थिक हितसंबंध ठेवू देणारी 2008 ची नियमदुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने 22 जानेवारी 2015 रोजी रद्द केली, तेव्हा देशभर त्याचं स्वागत झालं होतं. तेच तत्त्व देशाच्या सीमेपलीकडे गेल्यावर सैल का व्हावं?

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. दोन लीगचे विजेते एकमेकांशी खेळतील अशी कुठलीही स्पर्धा पुन्हा सुरू होण्याआधी, एका मालकाचा एकच संघ तिच्यात येईल हे लेखी ठरावं. 2014 पर्यंत चाललेल्या क्रिकेटच्या चॅम्पियन्स लीगमध्ये दोन संघांतर्फे पात्र ठरलेल्या खेळाडूंचा प्रश्न भरपाई देऊन मिटवला जायचा. मालकीचा प्रश्न तसा मिटणार नाही. भावंड संघांमध्ये खेळाडू आतल्या आत न फिरवता तो इतरांनाही बोली लावता येईल अशा खुल्या लिलावातूनच जावा. आणि कुठल्याही शहराच्या संघात निर्णायक हिस्सा स्थानिक संस्थेकडे राहावा.

हा शेवटचा मुद्दा स्वप्नाळू नाही. लंडनमध्ये ओव्हलच्या संघातले 49 टक्के मुंबई इंडियन्सच्या मालकांकडे आले, पण 51 टक्के सरे या सदस्यांच्या काउंटी क्लबने स्वतःकडे ठेवले. लीड्सच्या संघाचे मात्र शंभर टक्के विकले गेले. सरेकडे बहुमत राहिल्यामुळे उद्या एखादा खेळाडू ओव्हलहून दुसरीकडे हलवला गेला तर सरेचा सदस्य आपल्या वार्षिक सभेत उभा राहून त्याचा जाब विचारू शकतो, आणि तिथे मतदानही होऊ शकतं. ही सोय पार्ल, गेबेऱ्हा आणि लीड्सलाही मिळावी, आणि ती देण्यात पुढाकार भारतीय मालकांनी घ्यावा, कारण आज ती नाकारायची ताकद त्यांच्याकडेच आहे.